टुरिंग कार की ज्युनियर फॉर्म्युला? बेळगाव-निपाणीकडच्या प्रेक्षकानं कोणता हंगाम धरावा

फॉर्म्युला वन बघून गोडी लागली आणि आता एखादा हंगाम पहिल्या फेरीपासून शेवटच्या फेरीपर्यंत नीट धरायचा आहे, अशी मंडळी बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीत बरीच भेटतात. त्यांच्यापुढं दोन वाटा असतात. एक टुरिंग कारची, म्हणजे रस्त्यावरच्या गाडीचंच अंग ठेवून आतून शर्यतीसाठी बांधलेल्या गाड्यांची. दुसरी ज्युनियर फॉर्म्युलाची, म्हणजे उघड्या चाकांच्या, एकाच सीटच्या गाड्यांतून पंधरा-सोळा वर्षांची पोरं वर चढायला बघतात ती. माझं मत आधीच सांगतो: इथून नवीन सुरुवात करणाऱ्यानं टुरिंग कार धरावी आणि प्रत्यक्ष ट्रॅकवर जाऊन धरावी. ज्युनियर फॉर्म्युला पडद्यावर, कागद-पेन्सिल जवळ ठेवून बघावी. याला अपवाद आहे एक, तो पुढं येईल.

तिकिटाच्या बाबतीत निवड करावीच लागत नाही. चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईला राष्ट्रीय अजिंक्यपदाची फेरी असली की शनिवार-रविवारच्या वेळापत्रकात इंडियन टुरिंग कार्स असतात, सुपर स्टॉक हा टुरिंग कारचाच दुसरा गट असतो आणि उघड्या चाकांची फॉर्म्युला एलजीबी 1300 सुद्धा असते. ब्रिटनमध्येही तसंच. ब्रिटिश टुरिंग कार अजिंक्यपदाच्या, म्हणजे बीटीसीसीच्या, बहुतेक वीकेंडला त्याच ट्रॅकवर ब्रिटिश एफ4, म्हणजे तिथली ज्युनियर फॉर्म्युला, पळते. निवड करायची ती लक्ष कुठं द्यायचं याची. दोन्हीकडची सगळी नावं, गुण, टायर, दंड पाठ ठेवायला गेलं तर पहिल्याच हंगामात गोंधळ उडतो आणि दोन्ही सुटतं.

टुरिंग कारमध्ये काय बघायचं

गाडी ओळखीची असते, हे पहिलं. इरुंगट्टुकोट्टईला होंडा सिटी, फोक्सवॅगन पोलो, सुझुकी बलेनो पळताना दिसतात. उद्यमबाग किंवा मच्छेच्या फौंड्रीत, मशीन शॉपात, नाहीतर कॉलेज रोडच्या गॅरेजबाहेर उभं राहून ज्यानं इंजिन उघडलेलं बघितलंय, त्याला या गाड्यांची भाषा आपोआप कळते. पोलो पुढच्या चाकांवर चालते, वळणात जास्त वेगानं शिरली की नाक बाहेर ओढलं जातं, हे त्याला कुणी शिकवावं लागत नाही. म्हणून शर्यतीच्या शेवटच्या लॅप्समध्ये पुढची गाडी का मंदावली, हे तो समालोचकाच्या आधी सांगतो. वळवणं, ओढणं आणि ब्रेकचा बहुतेक भार असं सगळं पुढच्या दोन टायरांवर असतं. सुरुवातीला जोर करणाऱ्याचे टायर शेवटाला तापून घसरायला लागतात आणि मागं शांत बसलेला तिथं गाठतो. बीटीसीसीत पुढच्या चाकांच्या आणि मागच्या चाकांच्या गाड्या एकत्र पळतात, तिथं ही मजा दुप्पट होते. बीएमडब्ल्यूसारखी मागच्या चाकांची गाडी उभ्या जागेवरून झटक्यात सुटते, पुढं जाते, आणि मग ह्युंदाई-फोर्डवाले तिला कुठल्या वळणावर गाठतात ते बघायचं.

दुसरं म्हणजे धक्काबुक्की. दारं घासतात, आरसे उडतात, बंपर लोंबत राहतो आणि गाडी पळतच असते. मुद्दाम ठोकलं तर दंड होतोच, पण शेजारी-शेजारी दोन-तीन वळणं झुंजण्याची मुभा या गाड्यांना त्यांचं अंगच देतं. उघड्या चाकांच्या गाडीत चाकाला चाक लागलं की सस्पेन्शन मोडतं आणि खेळ संपतो. प्रत्यक्ष जाळीपाशी उभं राहून बघणाऱ्याला हा फरक फार मोठा वाटतो.

तिसरी गोष्ट मला सगळ्यांत मोलाची वाटते: माणसं टिकून राहतात. कोइम्बतूरचा अर्जुन बालू वर्षानुवर्षं भारतीय टुरिंग कार्समध्ये पळत आलाय. ब्रिटनचा मॅट नील 1991 मध्ये बीटीसीसीत आला आणि 2005, 2006, 2011 अशी तीन अजिंक्यपदं घेतली. अ‍ॅश सटननं 2017, 2020, 2021 आणि 2023 ला चार अजिंक्यपदं जिंकली, तीही तीन वेगवेगळ्या कंपन्यांच्या गाड्यांत: सुबारू, इन्फिनिटी आणि फोर्ड. अशा ड्रायव्हरची सवय होते. तो कुठल्या वळणावर आत घुसणार, कुणाशी जुनं वैर आहे, पावसात कसा चालवतो, हे दोन हंगामांत कळतं आणि तिसऱ्या हंगामात उपयोगी पडतं.

चौथं म्हणजे गुणांची पद्धत. बीटीसीसीचा हंगाम दहा वीकेंडचा, प्रत्येकी तीन शर्यती, म्हणजे तीस शर्यती. पहिल्याला 20, दुसऱ्याला 17, तिसऱ्याला 15 असे उतरत पंधराव्याला 1 गुण. शिवाय जिंकणाऱ्याला मुद्दाम जड केलं जायचं, गाडीत जादा वजन ठेवून. 2022 ला हायब्रिड यंत्रणा, म्हणजे इंजिनाला जोर देणारी विजेची मोटर, आली तेव्हा वजनाऐवजी तिचा वापर कमी करून तोच हिशेब साधला गेला, आणि 2025 ला हायब्रिड काढून टाकली. तिसऱ्या शर्यतीत चिठ्ठी काढून सुरुवातीच्या रांगेतले पुढचे काही नंबर उलटे लावण्याची रीतही तिथं वर्षानुवर्षं चालत आलीय. काहींना हे पटत नाही, चांगल्याला शिक्षा कशाला म्हणतात. मला पटतं. आठव्या-नवव्या जागेवरून गुण गोळा करणारा ड्रायव्हर हंगामाच्या शेवटी हातात काही घेऊन बसलेला असतो, आणि अशी चिकाटी बघायला हंगामच बघावा लागतो, एक शर्यत बघून भागत नाही.

भारतातली एक अडचण सांगितली पाहिजे. आपल्याकडच्या टुरिंग कार गटांत ग्रिड, म्हणजे सुरुवातीला उभ्या गाड्यांची रांग, कधी भरलेलं असतं, कधी विरळ. फोक्सवॅगननं 2010 ला पोलो कप सुरू केला, पुढं व्हेंटो आणि अमिओ कप चालवले, तेव्हा एकसारख्या गाड्यांचं दाट ग्रिड बघायला मिळायचं. ते बंद झाल्यावर ती जागा पुरती भरलेली नाही. इंडियन ज्युनियर टुरिंग कार्सच्या शर्यती बघायला गेलात तर तिथं शाळकरी पोरं शोधू नका. चालवणारे मोठेच असतात, गाड्या तेवढ्या कमी ताकदीच्या.

ज्युनियर फॉर्म्युलाचं वेगळं आहे

एफ4 म्हणजे 2014 पासून फियानं, मोटर शर्यतींच्या जागतिक संघटनेनं, बांधलेली पहिली पायरी. वयाची पंधरा वर्षं पुरी झाली की चालवता येते. सगळ्यांना एकच चॅसी (गाडीचा सांगाडा), एकच इंजिन, एकच टायर. भारतीय एफ4 ला मायगेलची गाडी आणि अल्पिनचं इंजिन आहे. आपल्याकडच्या आखाड्यात एकाच वजनाचे दोन पैलवान सोडतात, तशी ही जोड असते: यंत्राचं निमित्त सांगता येत नाही, पोरगं किती पाण्यात आहे ते उघड दिसतं. गुण वरच्या दहांनाच, पहिल्याला 25, आणि मालिका जिंकणाऱ्याला सुपर लायसन्सचे, म्हणजे फॉर्म्युला वन चालवायच्या परवान्याचे, जास्तीत जास्त 12 गुण. फॉर्म्युला वनला तीन वर्षांत 40 लागतात. म्हणजे प्रत्येक रविवारी पोरगं त्या 40 च्या दिशेनं सरकतंय की अडकलंय, हे आपल्याला मोजता येतं.

इथली खरी ओढ शर्यतीपेक्षा माणसाच्या प्रवासाची आहे. 2015 ला बीटीसीसीच्या मांडवात एमएसए फॉर्म्युला नावानं ब्रिटनची ही मालिका सुरू झाली. पहिलंच अजिंक्यपद लँडो नॉरिस नावाच्या पोरानं घेतलं आणि 2025 ला तो फॉर्म्युला वनचा जगज्जेता झाला. ज्यांनी त्याला तेव्हापासून धरलं होतं, त्यांना त्या दहा वर्षांचं जे समाधान मिळालं असेल, ते टुरिंग कारवाल्याला कधीच मिळणार नाही. हे मी मोकळ्या मनानं मान्य करतो. आपल्याकडंही असे प्रसंग आहेत. इरुंगट्टुकोट्टईलाच 2019 च्या फेब्रुवारीत ब्रिटनची जेमी चॅडविक एमआरएफ चॅलेंज ही फॉर्म्युला गाड्यांची मालिका जिंकून गेली आणि त्याच वर्षी महिलांच्या डब्ल्यू सीरिजची पहिली विजेती ठरली. आपल्या राज्यातला, बंगळूरचा कुश मैनी 2025 ला मोनॅकोत एफ2 ची, म्हणजे फॉर्म्युला वनच्या खालच्या पायरीची, स्प्रिंट (छोटी शर्यत) जिंकला, एफ2 मध्ये तिथं जिंकणारा पहिला भारतीय.

पण पोरं निघून जातात. चांगलं असेल तर वरच्या मालिकेत, पैसे संपले तर घरी. एक-दोन हंगामांत ग्रिड बदलतं आणि तुम्हाला नावं पुन्हा पहिल्यापासून शिकावी लागतात. भारतीय एफ4 च्या 2023 च्या पहिल्या हंगामाचा विजेता ऑस्ट्रेलियाचा कूपर वेबस्टर, 2024 चा दक्षिण आफ्रिकेचा अकील अलीभाई. शर्यती चांगल्या झाल्या, पण आपलं कोण म्हणून बघायला गेलेल्याच्या हाताला पुढच्या वर्षी काय लागणार?

तारखांचाही भरवसा धरू नये. चेन्नईच्या रस्त्यावरची रात्रीची शर्यत डिसेंबर 2023 ला ठरली होती, मिचाँग वादळामुळं पुढं गेली आणि 31 ऑगस्ट व 1 सप्टेंबर 2024 ला झाली. आयलंड ग्राउंड्सभोवतीचा साडेतीन किलोमीटरचा तो रस्ता दिव्यांत बघणं हा देशातला पहिलाच अनुभव होता. पण इथून रजा टाकून, तिकीट काढून बसलेल्याच्या दृष्टीनं विचार केला तर पक्क्या ट्रॅकवरची फेरी जास्त विश्वासाची.

फॉर्म्युला एलजीबी 1300 ला मात्र मी या तक्रारीतून वगळतो. सुझुकीचं 1300 सीसी इंजिन, साधी गाडी, आणि त्यात नवखी पोरं आणि मुरलेले ड्रायव्हर एकत्र. स्लिपस्ट्रीममध्ये, म्हणजे पुढच्या गाडीनं हवा कापलेल्या जागेत, चार-पाच गाड्या एकमेकींच्या मागं चिकटून सरळ रस्त्यावर येतात आणि ब्रेकच्या खुणेपाशी पंख्यासारख्या पसरतात. फॉर्म्युला प्रत्यक्षच बघायची असेल तर ही बघा, एफ4 च्या आधी. कोइम्बतूरजवळ चेट्टिपाळयमच्या कारी मोटर स्पीडवेवर, दोन किलोमीटरांहून जरा मोठ्या ट्रॅकवर, ती आणखी जवळून दिसते. एस. करिवर्धन यांचं नाव असलेला हा ट्रॅक 2003 चा. मारुतीच्या इंजिनावर स्वस्त फॉर्म्युला गाडी बांधून या देशातल्या सामान्य पोरांना सीट मिळवून देणारे ते.

कोल्हापूरची दोन उदाहरणं

आपल्या भागात हा प्रश्न कोल्हापूरकडं बघितलं की स्पष्ट होतो. कृष्णराज महाडिक फॉर्म्युलाच्या वाटेनं गेले, 2018 ला एफ4 च्या वरच्या ब्रिटिश एफ3 पर्यंत. ध्रुव मोहिते फोक्सवॅगनच्या व्हेंटो आणि अमिओ कपमध्ये देशातल्याच ट्रॅकवर पळाले. पहिल्याच्या शर्यती बघायला आपल्याला रात्री मोबाईल धरून बसावं लागत होतं. दुसऱ्याला बघायला गाडीत बसून जाता येत होतं. दोन्हींचा अभिमान सारखाच, पण प्रेक्षक म्हणून आपल्या वाट्याला काय आलं ते निराळं.

जायचं कसं, बघायचं कधी

निपाणी, संकेश्वर, बेळगाववरून जाणारा राष्ट्रीय महामार्ग 48 हुबळी, बंगळूर, वेल्लोर करत श्रीपेरुंबुदूरला जातो आणि इरुंगट्टुकोट्टईचा 3.717 किलोमीटरचा ट्रॅक त्याच महामार्गालगत आहे. बेळगावातून आठशे किलोमीटरांच्या वर पडतं. एका दमात गाडी हाणू नका. राणी चन्नम्मा एक्स्प्रेसनं रात्रीत बंगळूर आणि तिथून चेन्नईची बस, श्रीपेरुंबुदूरला उतरायचं, हे बरं. शनिवारी सकाळी पोचायला गुरुवारी रात्री निघालेलं चांगलं. शुक्रवारचा सरावही मिळतो.

खानापुरात जुलै-ऑगस्टमध्ये छत्रीशिवाय बाहेर पडता येत नाही, तेव्हा तिकडं कडक ऊन असतं. टोपी आणि पाणी न्या. उलट ऑक्टोबर ते डिसेंबर त्यांचा पावसाळा. कारखान्याला ऊस जाणाऱ्या घरांना तो काळ तोडणीमुळं तसाही अवघड, म्हणून शेतकरी मित्रांना मी हंगामाच्या सुरुवातीच्या फेऱ्याच सुचवतो. गणपतीच्या दिवसांत फेरी आली तर बेळगावकर कुठंच जाणार नाही, त्याबद्दल बोलायला नको.

बीटीसीसी एप्रिल ते ऑक्टोबर चालते. ब्रिटनची उन्हाळी वेळ आपल्यापेक्षा साडेचार तास मागं, त्यामुळं रविवारच्या तीन शर्यती साधारण दुपारनंतर सुरू होऊन जेवणाच्या वेळेपर्यंत आटोपतात. घरात कुणाची झोपमोड होत नाही.

ज्यांच्यासाठी माझं मत उलटं

आता तो अपवाद. घरात दहा-बारा वर्षांचं पोर असेल आणि त्यानं कार्टचं स्टीयरिंग एकदा धरलं असेल, तर टुरिंग कार बाजूला ठेवा आणि ज्युनियर फॉर्म्युलाचा एक अख्खा हंगाम त्याच्यासोबत बघा. कोल्हापूरला मोहिते रेसिंग अकादमीच्या ट्रॅकवर राष्ट्रीय कार्टिंगच्या फेऱ्या झालेल्या आहेत, म्हणजे ही वाट आपल्या टापूतून जाऊ शकते हे सिद्ध आहे. पण एफ4 चा एक हंगाम सुट्या भागांसकट, टायरांसकट, प्रवासासकट काय मागतो, कोण पोरगं कितव्या फेरीनंतर दिसेनासं झालं, पाचव्या नंबरावर सातत्यानं येणाऱ्याचं पुढं काय झालं, हे आई-वडिलांनी आधी प्रेक्षक म्हणून बघून घ्यावं. पॅडॉकमध्ये, म्हणजे टीमच्या तळावर, जायची संधी मिळाली तर ड्रायव्हरपेक्षा त्याच्या वडिलांशी बोला. टीम किती पैसे घेते, अपघात झाला तर दुरुस्ती कोणाच्या खिशातून, शाळेची हजेरी कशी भरली, हे प्रश्न सरळ विचारा. तिथली माणसं सहसा मोकळेपणानं सांगतात.