विश्रामबागेतील सामायिक कार्यालय: खुर्ची, ग्राहक आणि साडेआठची वेळ

घरून संगणकाचे काम करणाऱ्या माणसाला सांगलीत घराबाहेर बसायला जागा हवी असेल, तर पर्याय मोजकेच आहेत. स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिका गल्लोगल्ली आहेत आणि त्यांचे दरही परवडणारे आहेत. मात्र तिथे फोनवर बोलायची सोय नाही, आणि ग्राहकाशी बोलल्यावाचून स्वतंत्र व्यवसाय चालत नाही. कॉफीच्या दुकानात तासाभरानंतर वेटरच्या नजरेला नजर देणे अवघड जाते. विश्रामबागमध्ये सांगली-मिरज रस्त्यालगत एका व्यापारी इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर चालणारे सामायिक कार्यालय या दोहोंच्या मधली सोय आहे. मी ते गेले काही महिने वापरत आहे. संकेतस्थळे आणि छोट्या व्यापाऱ्यांसाठी हिशोबाच्या प्रणाली तयार करणे हा माझा व्यवसाय असल्याने मी या जागेकडे दोन प्रश्न घेऊन पाहिले: इथे दिवसभर बसून शरीर टिकते का, आणि इथे बसल्याने काम मिळते का. माझ्या मते या दोन्ही प्रश्नांची उत्तरे खुर्चीपेक्षा आणि जाहिरातीतल्या आश्वासनांपेक्षा या कार्यालयाच्या वेळापत्रकात अधिक दडलेली आहेत. ते सकाळी आठला उघडते आणि रात्री साडेआठला, कोणाचेही काही न ऐकता, बंद होते.

राखीव टेबलाचा मासिक दर साडेतीन हजार रुपये आहे आणि एका दिवसासाठी अडीचशे रुपये आकारले जातात. त्यात इंटरनेट, पिण्याचे पाणी, कुलूपबंद खण आणि महिन्यातून काही तास बैठकीची खोली मिळते. दर सांगलीच्या मानाने थोडा चढा आहे, तरी घरात वेगळी खोली नसलेल्या माणसाला तो जड वाटू नये.

पहिल्यांदा बसण्याच्या व्यवस्थेविषयी. खुर्च्या चाकांच्या आहेत, पाठीला जाळी आहे आणि उंची कमी-जास्त करता येते, त्यामुळे पाहताक्षणी समाधान वाटते. अडचण टेबलांची आहे. बाजारात तयार मिळणारे टेबल साधारण ७५ सेंटिमीटर उंच असते आणि इथलीही त्याच मापाची आहेत. टंकलेखन करताना दंड शरीरालगत सैल राहावेत, कोपर साधारण काटकोनात असावे आणि मनगट वर वळलेले नसावे, ही अपेक्षा सव्वापाच फूट उंचीच्या माणसाला या टेबलावर पूर्ण करायची असेल, तर खुर्ची वर घ्यावी लागते. आणि खुर्ची वर घेतली की पाय अधांतरी लोंबकळतात, मांडीच्या मागच्या भागावर सीटची कड रुतते आणि दुपारनंतर पायांना मुंग्या येऊ लागतात. यावर पायाखाली घ्यायचा लाकडी पाट हा अगदी साधा इलाज आहे. कार्यालयाकडे असे पाट मोजकेच आहेत आणि जो लवकर येतो त्याला ते मिळतात. व्यवस्थापनाने एखाद्या सुताराकडून आणखी डझनभर पाट करून घेतले, तर मासिक दर वाढवल्याबद्दलही फारशी कुरकुर होणार नाही.

लॅपटॉपवर काम करणाऱ्यांनी इथे येताना वेगळा कीबोर्ड आणि लॅपटॉप उंचावर ठेवायचे स्टँड सोबत आणावे. लॅपटॉपचा पडदा आणि कळा एकमेकांना जोडलेल्या असल्यामुळे हात सोयीच्या उंचीवर ठेवले की मान खाली झुकते आणि पडदा डोळ्यांसमोर आणला की हात खांद्यापर्यंत उचलावे लागतात. या पेचातून सुटायला दोन्ही वेगळे करण्यावाचून मार्ग नाही. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीला किंवा किंचित खाली आणि अंतर साधारण हातभर असावे. कार्यालयात भाड्याने मॉनिटर मिळतात, पण त्यांचे पाय ठेंगणे आहेत आणि खाली पुस्तकांचा गठ्ठा ठेवल्याशिवाय उंची जुळत नाही. त्यासाठी जुने रेल्वे टाइमटेबल आणि कुठल्याशा पतसंस्थेचे वार्षिक अहवाल ठेवलेले आहेत, आणि त्यांचा याहून चांगला उपयोग मला तरी सुचत नाही.

प्रकाशाच्या बाबतीत टेबल निवडताना जपावे. पश्चिमेकडच्या मोठ्या काचा दिसायला सुंदर आहेत, परंतु त्यांच्याकडे पाठ करून बसल्यास चारनंतर ऊन थेट पडद्यावर येते आणि त्यांच्याकडे तोंड करून बसल्यास डोळे दिपतात. खिडकी डाव्या किंवा उजव्या हाताला राहील अशी भिंतीकडची रांग सर्वांत चांगली. पडद्याकडे एकाग्रतेने पाहताना पापण्यांची उघडझाप बरीच कमी होते, आणि त्यात वातानुकूलन यंत्राचा झोत तोंडावर आला तर डोळे कोरडे पडून चुरचुरतात. मधल्या दोन टेबलांवर नेमका हाच त्रास आहे. दर वीस मिनिटांनी वीस फुटांवरच्या वस्तूकडे वीस सेकंद पाहावे, असे नेत्रतज्ज्ञ सांगतात. घरातल्या दहा बाय दहाच्या खोलीत वीस फूट आणायचे कुठून, हा प्रश्न असतो. इथे खिडकीतून मिरजेकडे जाणारी वाहतूक दिसते, एवढा या जागेचा नक्कीच फायदा आहे.

आता वेळेविषयी. परदेशी ग्राहकांवर अवलंबून असलेल्या अनेकांना साडेआठची मर्यादा जाचक वाटते आणि त्यांची तक्रार वरवर पाहता खरी आहे. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सकाळचे नऊ वाजतात तेव्हा आपल्याकडे उन्हाळ्यात रात्रीचे साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेदहा झालेले असतात. म्हणजे तिकडचा माणूस चहा घेऊन कामाला बसतो तेव्हा इथल्या दारावर कुलूप असते. पूर्व किनाऱ्याचे नऊ म्हणजे आपले संध्याकाळचे साडेसहा किंवा साडेसात, त्यामुळे तिथल्या ग्राहकाशी एखादी बैठक होऊ शकते. जर्मनीचे नऊ मात्र आपले दुपारचे साडेबारा किंवा दीड असतात आणि तिथल्या ग्राहकाचा जवळपास सगळा कामाचा दिवस या कार्यालयाच्या वेळेत बसतो. हे गणित मांडून पाहिले की लक्षात येते, ग्राहक निवडणे हा केवळ दराचा आणि ओळखीचा प्रश्न नसून झोपेचाही प्रश्न आहे. वर्षानुवर्षे रात्री एकला झोपून सकाळी मुलांच्या शाळेसाठी सहाला उठणाऱ्या माणसाची पाठ कितीही महागड्या खुर्चीने सावरली, तरी त्याचा थकवा जात नाही. येथे टेबल घेतलेल्यांपैकी काहींनी हळूहळू युरोपातील आणि देशातील ग्राहकांकडे मोर्चा वळवला आहे, आणि त्यामागे या दाराच्या कुलपाचा वाटा आहे, असे त्यांच्याशी बोलताना जाणवते. ज्यांचा सगळा धंदा कॅलिफोर्नियावर चालतो, त्यांनी मात्र इथे पैसे भरण्यापूर्वी विचार करावा, कारण त्यांचा निम्मा दिवस तरीही घरीच जाणार.

काम मिळण्याच्या दृष्टीने ही जागा माझ्या अपेक्षेपेक्षा सरस ठरली, आणि त्याचे कारण तिचा पत्ता आहे. एका बाजूला सांगलीचे मार्केट यार्ड, दुसऱ्या बाजूला मिरजेची रुग्णालये आणि जवळच कुपवाडची औद्योगिक वसाहत, यांच्या मध्ये ती वसलेली आहे. परदेशी संकेतस्थळांवर एका कामासाठी शेकडो अर्जदारांच्या रांगेत उभे राहणाऱ्यांना कदाचित कल्पना नसेल की या तीन ठिकाणी किती काम पडून आहे. वार्षिक उलाढाल ५ कोटी रुपयांच्या वर असलेल्या व्यवसायांना १ ऑगस्ट २०२३ पासून जीएसटी-नोंदणीकृत खरेदीदारांना केलेल्या विक्रीसाठी ई-इनव्हॉइस, म्हणजे सरकारी पोर्टलवर नोंदवलेले बिल, बंधनकारक झाले. कुपवाडच्या कित्येक कारखान्यांत बिले जुन्याच पद्धतीने तयार होतात आणि मग कोणीतरी तीच माहिती सरकारी पोर्टलवर पुन्हा भरत बसतो. हे दोन टोक जोडून देणाऱ्या माणसाला तिथे मान आहे. बेदाण्याच्या व्यापाऱ्यांची गरज निराळी: कोणत्या शेतकऱ्याच्या किती पेट्या कोणत्या शीतगृहात आहेत आणि त्यांतल्या किती सौद्यात निघाल्या, एवढे मोबाईलवर दिसले तरी त्यांचे काम भागते. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले असून, पाकीटबंद हळद थेट गिऱ्हाइकाला विकू पाहणाऱ्यांना स्वतःचे संकेतस्थळ हवे असते.

हे ग्राहक संगणकावर जाहिरात पाहून येत नाहीत. ते येतात करसल्लागाराच्या शब्दावर. या कार्यालयात भिंतीकडच्या रांगेत एक सीए बसतात आणि त्यांच्याकडे कागद घेऊन येणारे शेठ बैठकीच्या खोलीबाहेर वाट पाहत थांबतात. त्यांच्यापैकी एकाने शेजारच्या टेबलावरचा पडदा पाहून सहज विचारले, “हे आमच्या मालाचं पण दिसंल काय हो असं?” त्या प्रश्नातून पुढे एक चांगले काम उभे राहिले. याउलट, महिन्याच्या एका शनिवारी भरवला जाणारा ओळखीपाळखीचा मेळावा मला निरुपयोगी वाटला. तिथे सगळेच काम शोधणारे असतात आणि काम देणारा कोणी नसतो, त्यामुळे कार्डांची देवाणघेवाण होऊन भडंग संपते आणि मंडळी घरी जातात.

स्थानिक ग्राहकाचा दोष सर्वांना ठाऊक आहे: पैसे उशिरा येतात. व्यापारी माणूस बुडवत नाही, पण हंगाम संपेपर्यंत थांबवतो. येथे बसणाऱ्यांकडून शिकलेली एक उपयुक्त गोष्ट म्हणजे उद्यम नोंदणी, म्हणजे आपला व्यवसाय सूक्ष्म किंवा लघुउद्योग म्हणून सरकारकडे नोंदवणे. ती विनामूल्य आहे आणि ऑनलाइन होते. सूक्ष्म व लघुउद्योगांसाठीच्या २००६ च्या कायद्यानुसार नोंदणीकृत सेवा देणाऱ्याचे पैसे लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसल्यास १५ दिवसांत द्यावे लागतात, आणि २०२४-२५ च्या करनिर्धारण वर्षापासून या मुदतीबाहेर रखडलेली रक्कम ग्राहकाला ती प्रत्यक्ष चुकती करेपर्यंत खर्च म्हणून दाखवता येत नाही. मार्च जवळ आला की ही तरतूद करसल्लागारच ग्राहकाला समजावतात, त्यामुळे आपल्याला तगादा लावून संबंध बिघडवावे लागत नाहीत. बिलावर उद्यम क्रमांक ठळक छापला तरी पुष्कळ काम होते.

इतर सोयी थोडक्यात सांगता येतील. इंटरनेट भरवशाचे आहे आणि वीज गेल्यावर इन्व्हर्टरवर ते चालू राहते, मात्र वातानुकूलन बंद पडते. एप्रिल-मेमध्ये हे जाणवते. स्वच्छतागृह स्वच्छ आहे, तरी मजल्यावर एकच आहे. कुलूपबंद खणाचा उपयोग मला सुरुवातीला वाटला नव्हता इतका आहे. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात गावभाग आणि मारुती चौक पाण्याखाली गेले होते, त्यामुळे नदीकाठच्या वस्तीत राहणाऱ्याने कामाची एक प्रत असलेली हार्ड डिस्क दुसऱ्या मजल्यावरच्या खणात ठेवणे शहाणपणाचे आहे. खाण्याची व्यवस्था कार्यालयात नाही. खाली वडापावची गाडी आणि चहाची टपरी आहे आणि दिवसभर बसून काम करणाऱ्याच्या पोटासाठी हे शेजार घातक आहे. डबा आणणाऱ्यांसाठी गरम करण्याचे यंत्र ठेवावे, ही मागणी बरेच जण करत आहेत.

इमारतीत लिफ्ट आहे, पण ती बऱ्याचदा बंद असते, आणि त्याबद्दल तक्रार करावी की आभार मानावेत हे ठरत नाही. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम सुचवते. घरून काम करताना माणूस पलंगापासून टेबलापर्यंत चालतो, तर इथे दोन मजले आणि बसथांब्यापासूनचे अंतर तरी पायाखालून जाते. दुपारी विलिंग्डन महाविद्यालयाच्या बाजूला एक फेरी मारून येणाऱ्यांचा एक छोटा गट तयार झाला आहे. उन्हाळ्यात ही फेरी संध्याकाळवर ढकलावी लागते.

टेबल घ्यायचे ठरवल्यास आधी एक दिवसाचे पैसे भरून दुपारी चारनंतर बसून पाहावे, म्हणजे ऊन आणि वातानुकूलनाचा झोत दोन्ही कळतील. भिंतीकडच्या रांगेतील टेबल जानेवारीच्या आत मागून घ्यावे, कारण हळदीचे सौदे सुरू झाले की व्यापाऱ्यांची आणि सीएंच्या सहायकांची वर्दळ वाढते, बैठकीची खोली मिळत नाही आणि चांगली टेबले मार्चअखेरपर्यंत मोकळी होत नाहीत.