डेंग्यूचं ड्युओ कार्ड: चांगलं आहे, पण ताप कधी आला ते माहीत हवं

डेंग्यूची झटपट रक्ततपासणी करणारं ड्युओ कार्ड म्हणजे पावसाळ्यात छोट्या लॅबमध्ये धडाधड खपणारी वस्तू. एका पाकिटात दोन पट्ट्या येतात. एक एनएस-१ची, म्हणजे थेट विषाणूचं प्रथिन पकडणारी. दुसरी आयजीएम-आयजीजीची, म्हणजे शरीरानं बनवलेली प्रतिपिंडं शोधणारी. उत्तर १५ ते २० मिनिटांत. अनेक कंपन्यांची कार्डं मिळतात, पण गुणदोष बहुतेकांचे सारखेच. तापाच्या पहिल्या चार दिवसांत एनएस-१ची रेघ उमटली, तर कार्डाचे पैसे वसूल. बाकीच्या निकालांत एकट्या कार्डाच्या भरवशावर राहू नये.

कार्ड करणं सोपं दिसतं, आणि घोळ तिथेच होतात. पाकीट साधारण ३० अंशांच्या आत ठेवायचं, फ्रीजमध्ये ठेवलं असेल तर बाहेर काढून खोलीच्या तापमानाला येऊ द्यायचं, मगच फोडायचं. आधी फोडून ठेवलेलं कार्ड हवेतला ओलावा ओढतं आणि पट्टीवर द्रव नीट सरकत नाही. एनएस-१च्या खळग्यात साधारण तीन थेंब, म्हणजे १०० मायक्रोलिटर सीरम (रक्त गोठल्यावर वर उरणारा पिवळसर द्रव). प्रतिपिंडांच्या खळग्यात फक्त १० मायक्रोलिटर सीरम आणि वर चार थेंब बफर, म्हणजे पाकिटासोबत येणारा द्रव. कंपनीगणिक आकडे थोडे बदलतात, तेव्हा पाकिटातला कागद वाचावाच.

यात एक गोम आहे. प्रतिपिंडांच्या पट्टीवर ‘सी’ची, म्हणजे कार्ड नीट चाललं हे दाखवणारी रेघ नुसत्या बफरनेही उमटते. म्हणजे ड्रॉपरमध्ये बुडबुडा आला आणि सीरम पडलंच नाही, तरी कार्ड ‘निगेटिव्ह’ म्हणून मोकळं होतं. रक्त फुटून सीरम लालसर झालं असेल तर फिकी रेघ त्यात बुडून जाते. फिकी रेघ ही पॉझिटिव्हच धरायची, मात्र दिलेल्या वेळेतच वाचलेली. तासाभरानं व्हॉट्सअॅपवर आलेला कार्डाचा फोटो बघून निदान करू नये. पट्टी वाळताना करडी छटा उमटते आणि ती रेघेसारखी दिसते.

आता निगेटिव्हचा अर्थ. पाचव्या दिवसानंतर एनएस-१ रक्तातून कमी होत जातं. ज्याला आधी एकदा डेंग्यू होऊन गेला आहे, त्याच्या जुन्या प्रतिपिंडांनी ते लवकरच बांधलं जातं, त्यामुळे दुसऱ्या खेपेला कार्ड जास्त वेळा फसतं. आणि दुसरी खेपच जास्त धोक्याची. आयजीएम पाचव्या दिवसाच्या आसपास दिसू लागतं आणि दोन-तीन महिने टिकू शकतं, म्हणून आजचा ताप डेंग्यूचाच असेल असं नाही. नुसतं आयजीजी बहुधा जुन्या संसर्गाची खूण.

गरोदर बाईच्या बाबतीत आणखी एक अडचण: आयजीएमची पट्टी झिकालाही (डासांमुळेच पसरणारा, पोटातल्या बाळाला धोक्याचा आजार) पॉझिटिव्ह येऊ शकते. २०२१मध्ये पुरंदर तालुक्यातल्या बेलसरला आणि २०२४मध्ये पुणे शहरात झिकाचे रुग्ण सापडले, तेव्हा ही शंका पुस्तकी नाही. अशा वेळी आरटी-पीसीआरसाठी, म्हणजे विषाणूचा जनुकीय अंश शोधणाऱ्या तपासणीसाठी, नमुना पाठवायला डॉक्टरांना सांगावं.

कार्ड आजार किती गंभीर होणार ते सांगत नाही. ‘एनएस-१ परत करून बघू’ हा खर्च वाया जातो. गरोदर बाया, लहान मुलं, म्हातारी माणसं, मधुमेही आणि किडनीचे रुग्ण यांच्या बाबतीत लक्ष सीबीसीवर, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीवर हवं, आणि त्यातही नुसत्या प्लेटलेटवर नव्हे. हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशींचं प्रमाण, मूळ आकड्याच्या २० टक्के वर गेलं म्हणजे रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपतंय. म्हणून ताप आल्या-आल्या केलेला पहिला सीबीसी जपून ठेवा. गरोदरपणात हा आकडा मुळातच खाली असतो. पहिला रिपोर्ट नसेल तर चढ लक्षातच येत नाही. ताप उतरल्यावरचे २४ ते ४८ तास सगळ्यात नाजूक. पोटात सतत दुखणं, थांबत नसलेल्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, लघवी कमी, सुस्ती, यांतलं काहीही दिसलं तर कार्ड काय म्हणतं ते न बघता दवाखाना गाठावा. तापाला पॅरासिटामॉलच, आयब्युप्रोफेन नि अॅस्पिरिन नको.

शहराच्या आकडेवारीत कार्डाची किंमत आणखी कमी. सरकारी यंत्रणा कार्ड-पॉझिटिव्हला पक्की केस मानत नाही. त्यासाठी एलायझा ही लॅबमधली सविस्तर तपासणी लागते: पाच दिवसांच्या आत एनएस-१ची एलायझा, त्यानंतर आयजीएमची, जिला मॅक-एलायझा म्हणतात. सेंटिनल, म्हणजे डेंग्यूवर नजर ठेवायला नेमलेल्या, रुग्णालयांना आयजीएमचे किट पुण्याची राष्ट्रीय विषाणू संस्था पुरवते. एलायझाची प्लेट ९६ खळग्यांची. नमुने साठेपर्यंत लॅब थांबते, म्हणून रिपोर्टला वेळ लागतो. ही कुरकूर रास्त आहे, पण त्या आकड्यांवरच कुठल्या वॉर्डात धूरफवारणी आणि कंटेनर (साठलेल्या पाण्याची भांडी) तपासणी आधी करायची ते ठरतं.

नमुना पाठवताना लाल बुचाच्या साध्या ट्यूबमध्ये रक्त, सोबत भरलेला फॉर्म. त्यातला ‘ताप सुरू झाल्याची तारीख’ हा रकाना बऱ्याचदा कोरा येतो. तो कोरा असला की दोन्हीपैकी कुठली एलायझा लावायची, हे लॅबला ठरवताच येत नाही.