जांभळी नाक्यावरील सुट्या रसायनांचे दुकान: माल चांगला, लेबल नाही

ठाण्यात जांभळी नाक्याच्या बाजारातील एका गल्लीत साफसफाईच्या आणि शाम्पू-साबणाच्या वस्तूंचा कच्चा माल सुटा विकणारे हे दुकान आहे. सोसायट्यांचे सफाई कंत्राटदार, खानावळवाले आणि फिनाईल किंवा भांड्यांचा लिक्विड साबण बनवून विकणारे महिला बचत गट हे येथील नेहमीचे गिऱ्हाईक. करसनभाई पटेल यांनी १९६९ मध्ये अहमदाबादेत निरमा सुरू केली तीही लहान प्रमाणावरच, आणि तशा छोट्या उत्पादकाला आजही अशाच दुकानांचा आधार असतो.

अ‍ॅसिड स्लरी (डिटर्जंटचा आम्लयुक्त कच्चा माल) कॉस्टिक सोड्याने कशी उदासीन करावी, एसएलईएस (फेस आणणारे रसायन) घातलेल्या शाम्पूत मीठ बेताने का घालावे (प्रमाणाबाहेर गेल्यास घट्ट झालेला शाम्पू पुन्हा पातळ होतो), हे मालक इतक्या धीराने समजावतात की ते मार्गदर्शन मला मालाइतकेच मोलाचे वाटते. दर वाजवी आहेत.

मात्र माल शीतपेयांच्या जुन्या बाटल्यांत, लेबलाशिवाय दिला जातो, आणि ही त्रुटी अक्षम्य आहे. सोडियम हायपोक्लोराइट (द्रवरूप ब्लीच) आणि संडास धुण्याचे अ‍ॅसिड एकत्र आल्यास विषारी क्लोरीन वायू निघतो, शिवाय घरातील मूल ती बाटली सरबताची समजू शकते. हायपोक्लोराइट उन्हात आणि उष्णतेत कमजोर होते, तरीही पिंपावर तारीख नसते. जाताना स्वतःचा जाड प्लास्टिकचा डबा न्यावा, त्यावर मालाचे नाव तिथेच लिहून घ्यावे आणि पक्के बिल मागावे. मागितल्यास ते मिळते.