‘थर्टीन’: मुलांसाठी लिहितानाही हात आखडता न घेणारा संगीतकार

‘परेड’ आणि ‘द लास्ट फाइव्ह इयर्स’ या संगीतिका ज्यांना जवळजवळ तोंडपाठ आहेत, अशा श्रोत्यांना त्यांचे अमेरिकन संगीतकार जेसन रॉबर्ट ब्राउन यांनी तेरा वर्षांच्या मुलांवर ‘थर्टीन’ ही संगीतिका लिहिली आहे हे कळले, तेव्हा आनंदाआधी धास्ती वाटली आणि ती अनाठायी नव्हती. ‘परेड’मध्ये त्यांनी लिओ फ्रँक खटल्याचा विषय हाताळला होता. 1913 साली अटलांटातील पेन्सिल कारखान्यात मेरी फॅगन या मुलीचा खून झाला, त्याचा ठपका कारखान्याच्या ज्यू व्यवस्थापकावर ठेवण्यात आला आणि दोन वर्षांनी जमावाने त्याला तुरुंगातून पळवून नेऊन फाशी दिले. या संगीतिकेच्या गाण्यांसाठी ब्राउन यांना 1999 साली टोनी हा अमेरिकी रंगभूमीवरील मानाचा पुरस्कार मिळाला. त्यानंतर आलेल्या ‘द लास्ट फाइव्ह इयर्स’मध्ये केवळ दोन पात्रे आहेत. नवरा जेमी लग्नाची गोष्ट सुरुवातीपासून सांगतो, बायको कॅथी ती शेवटाकडून सांगते आणि दोघे फक्त मधोमध, लग्नाच्या प्रसंगी, एकमेकांना भेटतात. इतक्या अवघड वाटांनी गेलेला संगीतकार आता चीअरलीडर, फुटबॉलपटू आणि पहिले चुंबन यांच्या गोष्टीकडे वळतो, तेव्हा चाहत्यांच्या मनात शंकेची पाल चुकचुकणारच.

त्यात काळही असा होता की संशयाला जागा मिळावी. डिस्ने वाहिनीवरील ‘हायस्कूल म्युझिकल’ने 2006 साली किशोरवयीन प्रेक्षकांना वेड लावले होते आणि ‘थर्टीन’ लॉस एंजेलिसच्या मार्क टेपर फोरममध्ये रंगमंचावर आली ती त्याच्या पुढच्याच वर्षी, म्हणजे 2007 च्या जानेवारीत. आपला आवडता संगीतकार बाजाराच्या मागे धावतो आहे की काय, ही पहिली शंका. दुसरी शंका अधिक खोल होती. ब्राउन यांच्या गाण्यांत पियानो केवळ साथ करत नाही, तो पात्राशी वाद घालतो, त्याला डिवचतो आणि गायकाला तालाच्या आडून प्रवेश घ्यायला लावतो. शिकलेले प्रौढ गायकही या गाण्यांपुढे दमतात. मग शाळकरी मुलांना ती पेलावीत म्हणून त्यांनी संगीताची धार बोथट केली असेल का? ब्रॉडवेवरील, म्हणजे न्यूयॉर्कच्या व्यावसायिक रंगभूमीवरील मूळ संचाची, 2008 साली घोस्टलाइट रेकॉर्ड्सने काढलेली ध्वनिमुद्रिका आणि 2022 चा नेटफ्लिक्सवरील चित्रपट या दोन्हींच्या आधारे या शंकांचा विचार येथे केला आहे. संगीताबद्दलची भीती पूर्णपणे निराधार ठरते, हे आधीच सांगतो. जी काळजी करायला हवी होती ती संहितेची, आणि तिच्याबद्दल त्या वेळी फारसे कोणी बोलत नव्हते.

कथा थोडक्यात अशी. इव्हान गोल्डमन हा न्यूयॉर्कचा ज्यू मुलगा तेराव्या वर्षात पदार्पण करतो आहे. बार मित्झ्वाचा, म्हणजे धर्माच्या दृष्टीने प्रौढ होण्याचा सोहळा तोंडावर आला आहे, आणि नेमक्या त्याच वेळी आईवडिलांचा घटस्फोट होऊन आई त्याला इंडियाना राज्यातील अ‍ॅपलटन नावाच्या लहान गावात घेऊन जाते. तेथे शेजारच्या पॅट्रिसशी त्याची मैत्री होते. परंतु शाळेत पॅट्रिसला कोणी विचारत नाही आणि इव्हानला तर आपल्या सोहळ्याला शाळेतील सगळी वजनदार मुले हवी आहेत. फुटबॉल संघाचा तारा असलेला ब्रेट, त्याला आवडणारी केंड्रा, तिच्या मागे डाव खेळणारी लूसी आणि मस्क्युलर डिस्ट्रॉफी या स्नायूंच्या आजारामुळे कुबड्या घेऊन चालणारा आर्ची ही बाकीची मुख्य मंडळी. रंगमंचावर एकही मोठा माणूस येत नाही. ब्रॉडवेवर तेराच्या तेरा कलावंत किशोरवयीन होते आणि वाद्यवृंदातही तशीच मुले होती.

आता गाण्यांकडे येतो. ‘द लेमेस्ट प्लेस इन द वर्ल्ड’ हे पॅट्रिसचे पहिले गाणे ऐकले तरी ब्राउन यांनी मुलांकडे कोणत्या नजरेने पाहिले आहे ते कळते. ती नव्या मुलाला आपले गाव दाखवते आहे आणि गावाला मनसोक्त नावे ठेवते आहे. शब्द कंटाळ्याचे आहेत, चाल मात्र पहिल्या ओळीपासून खुललेली आहे, कारण बोलायला कोणीतरी मिळाले हा आनंद तिला लपवता येत नाही. ती हे कबूल करते ते गाण्यात बरेच नंतर, पण तिच्या कितीतरी आधी पियानोने ते सांगून टाकलेले असते. शब्द एक सांगतात आणि सूर त्याच्या आतले दुसरे काही उघड करतात, ही ‘द लास्ट फाइव्ह इयर्स’मधलीच रीत आहे, आणि ती तेरा वर्षांच्या मुलीच्या तोंडी आल्याने तिची पातळी कोठेही उतरलेली नाही.

याच मुलीचे ‘व्हॉट इट मीन्स टू बी अ फ्रेंड’ हे गाणे या ध्वनिमुद्रिकेचा सर्वोच्च बिंदू आहे. ब्रेटची मर्जी राखण्यासाठी इव्हानने तिला अव्हेरले आहे, आणि ती ना आरडाओरडा करते, ना शाप देते. मित्र म्हणजे काय असतो एवढेच ती स्वतःला समजावत राहते. अ‍ॅली ट्रिम या त्या वेळच्या किशोरवयीन गायिकेच्या आवाजात प्रौढ नाट्यगायिकेचा घोटीव कंप नाही. स्वर सरळ येतो, वरच्या पट्टीत जरासा ताणला जातो, आणि तो ताण पुसून न टाकता तसाच राहू दिला आहे. एखाद्या कसलेल्या तिशीतल्या गायिकेने हे गाणे कितीतरी सफाईने म्हटले असते. मात्र त्या सफाईत ‘हे दुःख मला नवे आहे’ ही जाणीव हरवली असती. मुलांच्या आवाजाला पेलावे म्हणून संगीत बोथट केले असेल, अशी चाहत्यांची धास्ती होती. पेलताना होणारी ओढाताणच येथे ब्राउन यांनी गाण्याच्या अर्थात सामावून घेतली आहे, आणि माझ्या मते या संगीतिकेतली हीच त्यांची सर्वांत मोठी कमाई आहे.

आर्चीची गाणी अधिक धाडसी आहेत. ‘टर्मिनल इलनेस’ या गाण्यात, मुलांना ज्याला एकट्याने प्रवेश नाही अशा भयपटाची तिकिटे इव्हानच्या आईकडून काढून घेण्यासाठी, आर्ची आपल्या आजाराचाच वापर करायचे सुचवतो. आजारी मुलाला ‘नाही’ म्हणायला कोण धजावेल, असा त्याचा बिनतोड हिशेब आहे. हे ऐकताना पालकांच्या कपाळाला आठी पडेल आणि ती पडावी अशीच योजना आहे. या विनोदाची सूत्रे आर्चीच्या हातात आहेत, त्याच्यावर कोणी हसत नाही. सहानुभूतीचे काय होते हे त्याला नीट ठाऊक आहे आणि ती मिळणारच असेल तर तिचा काही उपयोग करून घ्यावा, हा त्याचा रोकडा विचार आहे. अपंग पात्राला देव्हाऱ्यात बसवण्यापेक्षा त्याला लबाडी करू देणे हे मला त्याचा अधिक मान राखणारे वाटते.

समूहगायनाची रचना ऐकायची असेल तर ‘इट कान्ट बी ट्रू’ घ्यावे. एक अफवा टेलिफोनांवरून पसरत जाते. एक आवाज वाक्य सुरू करतो, दुसरा ते पुरे होण्याआधीच उचलतो, तिसरा त्यात भर घालतो आणि चौथ्यापर्यंत पोचेतो मूळ गोष्ट ओळखू येत नाही. हे सगळे भरधाव लयीत, प्रत्येक शब्द स्पष्ट ठेवून म्हणायचे आहे. या गाणाऱ्यांमध्ये शार्लटच्या भूमिकेत पंधरा वर्षांची अरियाना ग्रांदे आहे आणि लूसी झाली आहे एलिझाबेथ गिलीज. पुढे दोघींनी मोठे नाव कमावले, त्यामुळे आज अनेक तरुण श्रोते केवळ ग्रांदेच्या ओढीने या ध्वनिमुद्रिकेपर्यंत येतात. तिच्या वाट्याला फार काही नाही, पण शेवटच्या ‘ब्रँड न्यू यू’मध्ये तिघी मुलींनी मिळून जो दंगा केला आहे तो ऐकण्यासारखा आहे.

जाता जाता एक गोष्ट नोंदवतो. ‘परेड’मध्येही एक किशोरवयीन प्रसंग आहे. ट्रॅममध्ये फ्रँकी नावाचा मुलगा मेरी फॅगनला चित्रपटाला येण्याची गळ घालतो आणि त्या छोट्याशा गाण्यातला निरागस चिडवाचिडवीचा सूर पुढच्या भीषण घटनेमुळे काळजात घर करतो. मुलामुलींनी चित्रपटाला जाण्याचा बेत ‘थर्टीन’मध्ये पुन्हा येतो, ‘एनी मिनिट’ हे गाणे त्या अंधाऱ्या चित्रपटगृहातच घडते. त्या वयाचे ऐकण्याचा कान ब्राउन यांच्याकडे दहा वर्षांपूर्वीही होता. चाहत्यांनी ‘परेड’ पुन्हा नीट ऐकली असती, तर त्यांना इतका घोर लागला नसता.

मग खटकते ते काय? डॅन एलिश आणि रॉबर्ट हॉर्न यांची संहिता. इव्हान हा नायक स्वार्थी आहे, याबद्दल माझी तक्रार नाही. ‘द लास्ट फाइव्ह इयर्स’मधला जेमीही स्वार्थीच आहे. परंतु तेथे कॅथीला जेमीइतकाच अवकाश मिळतो, तिचे म्हणणे तितक्याच ताकदीने ऐकू येते आणि त्यामुळे निवाडा श्रोत्यावर सोपवता येतो. पॅट्रिसला गाणी उत्तम मिळाली आहेत, पण प्रसंग मिळालेले नाहीत. इव्हानने तिच्याशी जे केले त्याची भरपाई म्हणून त्याला फारसे काही करावे लागत नाही. ‘टेल हर’मध्ये ब्रेटने केंड्राला काय सांगावे हे सुचवता सुचवता इव्हान आणि पॅट्रिस आपल्याच मनातले बोलून जातात. गाणे म्हणून हे फार हळुवार आणि नेमके आहे, आणि त्याच्या गोडव्यावर संहितेने क्षमा उरकून घेतली आहे. संगीत जखम खरी असल्याची ग्वाही देते आणि कथा तिच्यावर घाईने पट्टी बांधून पुढे जाते.

लूसी आणि केंड्रा यांच्याबाबत तर याहून अधिक अन्याय झाला आहे. एक कारस्थानी, एक भोळी, आणि दोघींच्या डोक्यात मुलांखेरीज दुसरा विषय नाही. ‘ऑपॉर्च्युनिटी’ या गाण्यात लूसीची महत्त्वाकांक्षा क्षणभर इतकी झळाळते की ती कोठून आली, तिला घरी कोण विचारते, हे जाणून घ्यावेसे वाटते. संहितेला त्याची उत्सुकता नाही. चुंबनावरचे विनोद एकाच खुंटीवर पुन्हा पुन्हा टांगले आहेत. मोठी माणसे रंगमंचावर न आणण्याचा निर्णय एका परीने योग्यच आहे, कारण त्यामुळे मुलांना आपले गुंते स्वतःच सोडवावे लागतात. मात्र इव्हानच्या मुळाशी जे दुखणे आहे, त्या घटस्फोटाची नोंद सुरुवातीला होते आणि मग सोहळ्याच्या निमंत्रणांच्या गडबडीत ते बाजूला पडते. ज्या संगीतकाराने विस्कटत जाणाऱ्या लग्नावर अख्खी संगीतिका उभी केली, त्याला हाच विषय मुलाच्या बाजूने मांडण्याची संधी समोर असताना ती हुकावी, याची मला मनापासून हळहळ वाटते.

ब्रॉडवेवर ‘थर्टीन’ फार टिकली नाही. बर्नार्ड बी. जेकब्स नाट्यगृहात 5 ऑक्टोबर 2008 रोजी सुरू झालेले प्रयोग 4 जानेवारी 2009 रोजी, 105 प्रयोगांनंतर थांबले. त्या हिवाळ्यात आर्थिक संकटामुळे ‘हेअरस्प्रे’सारखी वर्षानुवर्षे चाललेली संगीतिकाही बंद पडली, तेव्हा सगळा दोष रचनेवर टाकता येणार नाही. तरीही प्रेक्षक नक्की कोण, हा प्रश्न होताच. लहानांना घेऊन जावे तर विनोद वयाला न शोभणारे, आणि मोठ्यांनी आपण होऊन तिकीट काढावे तर जाहिरात मुलांची.

नेटफ्लिक्सवरील चित्रपट टॅम्रा डेव्हिस यांनी दिग्दर्शित केला आहे. त्यात मोठी माणसे आली, डेब्रा मेसिंग यांच्या रूपाने आईला आपली बाजू मांडता आली आणि ब्राउन यांनी काही नवी गाणीही लिहिली. कथेतला वर सांगितलेला उणेपणा यामुळे थोडा भरून निघतो, इव्हान अधिक समजूतदार वाटतो आणि घरातल्या सर्वांनी एकत्र बसून पाहण्यासारखा हा चित्रपट आहे. ध्वनी मात्र इतका घासूनपुसून काढला आहे की मूळ संचाच्या आवाजातला कच्चेपणा, ज्याने मला ‘थर्टीन’कडे ओढले, तो कोठेच सापडत नाही. चित्रपट पाहून ज्यांनी ‘म्हणजे आमची शंका खरीच होती’ असे म्हटले असेल, त्यांना माझी कळकळीची विनंती आहे की निर्णय देण्याआधी 2008 ची ध्वनिमुद्रिका एकदा शांतपणे ऐकावी.

ऐकताना सुरुवात शीर्षकगीतापासून करावी, कारण त्यातच इव्हानची सगळी परिस्थिती आणि भोवतालच्या मुलांचा कलकलाट एकदम समोर येतो. त्यानंतर पॅट्रिसची गाणी आणि ‘इट कान्ट बी ट्रू’ ही सलग ऐकावीत. बारा ते सोळा वयाची मुले घरात असतील तर त्यांच्यासोबत ऐकायला हरकत नाही, मात्र ‘टर्मिनल इलनेस’ आणि चुंबनाच्या गाण्यांवर बोलायची तयारी ठेवावी. प्रयोगाचे हक्क आता शाळांना घेता येतात आणि अमेरिकेतील शाळांत ही संगीतिका नेहमी बसवली जाते, तेव्हा तेथे राहणाऱ्या मराठी घरांतील मुलांवर तालमींना जाण्याची पाळी कधी ना कधी येईल. अशा शाळेने मुलांची निवड करण्याच्याही आधी एक चांगला पियानोवादक गाठावा आणि त्याच्या हातात स्वरलिपी निदान महिनाभर आधी द्यावी, कारण मुले ही गाणी उचलतात, पण ब्राउन यांच्या पियानोतला डावा हात ऐनवेळी कोणालाच साधत नाही.