पार्किन्सन्सची गोळी किती वेळ टिकते: कमरेचा सेन्सर आणि मनगटी घड्याळ काही महिने वापरून

पार्किन्सन्समध्ये ज्यांच्या लेव्होडोपाच्या गोळीचा परिणाम पुढच्या डोसआधीच उतरतो, त्यांच्या घरी हालचाल नोंदवणाऱ्या कमरेच्या सेन्सर आणि मनगटी घड्याळाच्या जोडीचा उपयोग आहे. नुकतंच निदान झालंय आणि दिवस बरा जातोय, तर हा खटाटोप नको. त्यांचं अ‍ॅप रोज जो एक ‘स्कोअर’ दाखवतं, त्याकडे मात्र कुणीच बघू नये. लग्नाला जाऊन आलं की तो चढतो, पावसात घरी बसलं की पडतो. बघायचा तो गोळीच्या वेळेवर बसवलेला आलेख.

घड्याळ जास्त त्रास असलेल्या हातात, जरा घट्ट. सेन्सर पाठीमागे मधोमध, पट्ट्याच्या उंचीवर. परकराच्या नाडीला किंवा पायजम्याला क्लिप लावली की चालताना तो स्वतःच डुलतो आणि पावलांचा हिशेब बिघडतो. वेगळा रुंद इलॅस्टिक पट्टा वेल्क्रोने आवळा. एप्रिल-मेच्या घामात आत सुती बनियन हवंच. सेकंदाला ५० नोंदी पुरतात, कारण पार्किन्सन्सचा कंप साधारण ४ ते ६ हर्ट्झचाच, म्हणजे सेकंदाला ४ ते ६ वेळा, असतो. १०० वर ठेवलं तर बॅटरी उगाच जाते. दोन्ही यंत्रांची वेळ हळूहळू सरकते. म्हणून सुरुवातीला आणि शेवटी दोन्ही एका मुठीत धरून टेबलावर तीनदा ठोका. आलेखातली ती तीन टोकं जुळवली की वेळ जुळते.

दिवसभराच्या नोंदीपेक्षा ठरलेली चाचणी जास्त सांगते. हात असलेली खुर्ची, ३ मीटरवर जमिनीला चिकटपट्टी. उठायचं, पट्टीपर्यंत जायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. गोळीआधी एकदा, मग ३०, ६०, ९० मिनिटांनी आणि पुढच्या गोळीच्या तोंडावर. तीच खुर्ची, तीच चप्पल, बाजूला आधाराला माणूस. गोळी चढली, म्हणजे तिचा परिणाम सुरू झाला, की पाऊल लांबतं, चाल वाढते, वळण लवकर होतं. मिनिटाला पावलं किती, हा आकडा फारसा हलत नाही. तोलही गोळीने फार सुधारत नाही, तेव्हा त्यावरून डोस कमी पडतोय असं ठरवू नका.

कार्बिडोपासोबतही (लेव्होडोपा मेंदूत पोचण्याआधी मोडू नये म्हणून गोळीत असलेलं जोडऔषध) लेव्होडोपाचं अर्धायुष्य, म्हणजे रक्तातलं औषध निम्मं व्हायला लागणारा वेळ, दीड तासाच्या आसपास, त्यामुळे वेळेची नोंद चोख हवी. ८ ची गोळी ८.२५ ला घेऊन वहीत ८ च लिहिलं, तर ‘उशिरा चढते’ असा खोटा निष्कर्ष निघतो. खरोखर उशीर होत असेल तर आधी ताट बघा. नाशिककराला रविवारची मिसळ सोडायला सांगणं व्यर्थ, पण मटकी आणि वर वाटीभर दही खाऊन लगेच गोळी घेतली, तर प्रथिनांतली अमिनो आम्लं आतड्यात आणि मेंदूच्या वेशीवरही लेव्होडोपाची वाट अडवतात. गोळी आधी, मिसळ अर्ध्या तासाने. मळमळत असेल तर गोळीसोबत एखादं बिस्कीट चालतं.

आता फसगत कुठे होते ते. खड्ड्यांतून रिक्षा पंचवटीकडे निघाली की घड्याळाला कंप दिसतो. भजनात टाळ धरला की डिस्कायनेशिया, म्हणजे औषधामुळे होणारी अनावर हालचाल. दुपारची डुलकी म्हणजे ‘ऑफ’, गोळी उतरल्याची वेळ. वहीत ‘रिक्षा’, ‘टाळ’, ‘झोप’ एवढं वेळेसकट लिहा आणि तेवढा तुकडा आलेखातून काढा.

यंत्राची सगळ्यात कमजोर बाजू पाय चिकटण्याची, म्हणजे चालताना पाय अचानक जमिनीला खिळल्यासारखा थबकण्याची. जागच्या जागी पाय थरथरले तर ३ ते ८ हर्ट्झमध्ये ते सापडतं. पण पाय अजिबात न हलता चिकटला, तर सेन्सरला माणूस नुसता उभा दिसतो. जुन्या वाड्याच्या उंबरठ्यावर नेमकं असंच होऊ शकतं. तिथे सरळ मोबाइलवर व्हिडिओ काढा, यंत्राच्या भरवशावर राहू नका.

न्यूरोलॉजिस्टकडे अख्खी फाइल नेऊ नका, ओपीडीच्या गर्दीत ती वाचायला वेळ नसतो. तीन नेहमीच्या दिवसांचे आलेख एका कागदावर एकाखाली एक, गोळ्यांच्या वेळी उभ्या रेघा, जेवणाच्या वेळा खाली. आलेख बघून डोस आपणहून बदलू नका. गोळी अचानक बंद केली तर ताप, प्रचंड ताठरपणा आणि जिवाला धोका संभवतो. रात्रीपासून गोळी थांबवून सकाळी मोजण्याची चाचणीही डॉक्टरांच्या देखरेखीखालीच करायची.