अ‍ॅक्टिव्ह क्रॉसओव्हर, आठ महिन्यांनी: आवाज जागेवर आला, सुस्स गेली नव्हती

कारच्या पुढच्या दारांना अ‍ॅक्टिव्ह क्रॉसओव्हर लावला: बारीक आवाज ट्वीटरला (छोटा स्पीकर), जाड आवाज वूफरला (मोठा), ही वाटणी अ‍ॅम्पच्या आधीच होते आणि प्रत्येक स्पीकरला अ‍ॅम्पचा वेगळा चॅनेल लागतो. इंजिन बंद, स्टिरिओ चालू, व्हॉल्यूम शून्य. आता ट्वीटरजवळ कान न्या. बारीक ‘स्सऽऽ’ येतो. तेच ट्वीटर, तोच चार चॅनेलचा अ‍ॅम्प. आधीच्या पॅसिव्ह डब्यावर (अ‍ॅम्प आणि स्पीकरच्या मधे बसून हीच वाटणी करणारा फिल्टर) हा आवाज जेमतेम होता.

कारण त्या डब्यातच आहे. ट्वीटरचा −3 डीबीचा जंपर (लेव्हल निवडायची छोटी जोडणी) म्हणजे वाटेतला रेझिस्टर. तो गाण्यासोबत अ‍ॅम्पची सुस्सही दाबतो. अ‍ॅक्टिव्हमध्ये ट्वीटर थेट अ‍ॅम्पला. डीएसपीत (स्टिरिओतला आवाजाचा डिजिटल प्रोसेसर) लेव्हल उतरवली तर गाणं उतरतं, सुस्स जागच्या जागी. अ‍ॅम्पचा गेन (आलेला सिग्नल किती वाढवायचा तो नॉब) तळाला नेला की बरीच जाते, पण आऊटपुट स्टेजची (अ‍ॅम्पचा शेवटचा टप्पा) उरते, ती गेनला जुमानत नाही.

पहिले दोन महिने मत एकच: फुकटचा खर्च. पॅसिव्ह डबे कम्पोनंट सेटबरोबरच (वेगवेगळे ट्वीटर-वूफर) येतात, दोन चॅनेलवर भागतं. इथे पुढच्या दोन दारांनीच चारही चॅनेल खाल्ले, मागचे स्पीकर स्टिरिओवर.

मत फिरलं ते टेप घेऊन अंतरं मोजल्यावर. डोक्यापासून उजवा ट्वीटर 70 सेंमी, उजवा वूफर 105, डावा ट्वीटर 120, डावा वूफर 140. आवाज एका मिलिसेकंदात साधारण 34 सेंमी जातो. चारही आवाज कानाशी एकदम पोचावेत म्हणून डीएसपीत डावा वूफर शून्य, डावा ट्वीटर 0.6, उजवा वूफर 1.0, उजवा ट्वीटर 2.0 मिलिसेकंद उशिरा. उजव्या खिडकीला चिकटलेली गायिका डॅशबोर्डच्या मधोमध आली. पॅसिव्हमध्ये एका बाजूचे ट्वीटर-वूफर एकाच चॅनेलवर, त्यामुळे त्यांच्यातले 35 सेंमी कोणी कापू शकत नाही. परत जायचा प्रश्न मिटला.

मग सर्व्हिसिंगला बॅटरीचं टर्मिनल काढलं गेलं. काही स्टिरिओ एवढ्यावर सगळं विसरतात आणि ट्वीटरला फुल रेंज, म्हणजे जाड-बारीक सगळाच आवाज, सोडतात. 3500 हर्ट्झच्या कटवर (त्याखालचा आवाज गाळून) जगणाऱ्या ट्वीटरवर ढोल आदळला की कॉइल जळते. उजवा गेला.

उपाय स्वस्त: प्रत्येक ट्वीटरला सिरीजमध्ये 47 मायक्रोफॅरडचा बायपोलर कपॅसिटर, 100 व्होल्टचा. साधा प्लस-मायनसवाला चालत नाही. 4 ओहमवर तो साधारण 850 हर्ट्झला कापतो, 3500ला फरक जेमतेम पाव डीबी. अ‍ॅम्प चालू होतानाचा ‘धप्’ही बराच अडतो.

वायर उघडलीच आहे तर सुस्सही मारा. कपॅसिटरनंतर सिरीजमध्ये 2 ओहम, मग ट्वीटरच्या दोन टोकांवर 4 ओहम, दोन्ही 10 वॅटचे सिमेंट रेझिस्टर. अ‍ॅम्पला तरीही 4 ओहमच दिसतात, ट्वीटर 6 डीबी खाली, सुस्सही तेवढीच. वूफरशी मेळ घालायला ट्वीटर उतरवावा लागतोच, तो इथेच उतरवला. म्हणजे अ‍ॅक्टिव्हवर पैसे ओतून शेवटी पॅसिव्हचेच तुकडे लावले! रेझिस्टर तापतात, डोअर पॅडच्या फोमला टेकवू नका.

आणि बॅटरी जोडल्यावर पहिलं गाणं लावण्याआधी ट्वीटरच्या हाय-पासचा, म्हणजे त्याच कटचा, आकडा बघा.