आठ महिने एआय चॅटबॉट वापरला: टॉवेलच्या धंद्यातला अनुभव

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचे सहा माग आहेत, टेरी टॉवेलचे. घरात तेलुगू, मागावर तेलुगू-मराठी, आणि बाहेरच्या व्यापाऱ्यांचे मेल इंग्रजीत. पूर्वी प्रत्येक मेल घेऊन भाच्याकडे जावं लागायचं. आठ महिन्यांपूर्वी फोनवर एआय चॅटबॉट घेतला आणि ती पायपीट थांबली. मी मराठीत बोलतो, तो नीट इंग्रजी पत्र लिहून देतो. थकलेली उधारी संबंध न बिघडवता कशी मागायची, हे मी त्याच्या पत्रांवरून शिकलो. या कामात त्याला पैकीच्या पैकी.

हिशेबाचं तसं नाही. तिसऱ्या महिन्यात 30 बाय 60 इंची, 450 जीएसएमच्या हजार टॉवेलांची चौकशी आली. सूत किती लागेल, विचारलं. उत्तर आलं 450 किलो, तेही सुबक तक्ता करून. मी दर पाठवणारच होतो, तेवढ्यात आमच्या जॉबरनं, म्हणजे मागांची देखभाल बघणाऱ्या कारागिरानं, कागद बघितला. "अण्णा, जीएसएम म्हणजे एका चौरस मीटरचं वजन. आपला टॉवेल त्याहून मोठा आहे की." मोजलं तर टॉवेल 1.16 चौरस मीटरचा, वजन साधारण 522 ग्रॅम. हजार नगांमागे 72 किलो सूत पदरचं गेलं असतं, वाया जाणारं वेगळंच.

चूक माणसाचीही होते. पण खात्री नसली की जॉबर "बघून सांगतो" म्हणतो. हे यंत्र पुढे कोणता शब्द येण्याची शक्यता जास्त, त्या अंदाजानं वाक्य जुळवत जातं, त्यामुळे खरं आणि चुकीचं एकाच ठाम सुरात येतं. नंतर मी मुद्दाम त्याच्या एका बरोबर हिशेबाला "हे चुकलंय" म्हणालो. त्यानं माफी मागितली आणि बरोबर आकडा बदलून चुकीचा दिला! कोणती उत्तरं माणसांना पसंत पडतात यावरून त्याला घडवलेलं असतं, म्हणून ते आपल्या होला हो करतं. धंद्यात असा माणूस मी ठेवला नसता.

डिझाइनचं थोडक्यात सांगतो. सोलापुरी चादरीला 2005 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तरी नक्कल करणारे थांबले नाहीत. त्यामुळे नव्या नक्षीचा ग्राफ, म्हणजे चौकटीच्या कागदावरचा आराखडा, मी चॅटबॉटमध्ये टाकत नाही. आपल्या गप्पा प्रशिक्षणासाठी वापरू नयेत अशी सेटिंग बऱ्याच ॲपमध्ये असते, ती पहिल्याच दिवशी बघून घ्या.

मला खरा घोर लागला तो अम्मामुळे. तिला वाचता येत नाही. आवाजावर तेलुगूत बोलता येतं हे कळल्यावर ती त्याच्याशी रोज बोलू लागली, गावाकडच्या आठवणी सांगू लागली. तिचा चेहरा खुलला, हे मी नाकारणार नाही. पण दोन महिन्यांनी कळलं, शुगरची तपासणी तिनं चुकवली होती. "तो म्हणाला, काळजी करू नका." आधी काय विचारलं होतं, पाय बधिर होतात हे सांगितलं होतं का, तिला आठवेना. मी तिच्यावर चिडलो नाही. इतकं ऐकून घेणारं दुसरं कोणी दिवसभर घरात नव्हतं.

ॲप ठेवलंय. अम्माच्या फोनवरही आहे. तपासणीच्या तारखा आता मी कारखान्याच्या कॅलेंडरवर लिहितो आणि संध्याकाळी माग बंद झाले की तासभर तिच्याजवळ बसतो.